शिंपी क्रमांक सतरा

इमारतीत त्यांना सगळे ‘गेमवाले’ म्हणत, आणि त्या म्हणण्यात कौतुकाचा लवलेश नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना लोक डॉक्टरसाहेब म्हणत. तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी वजनमाप खात्यात तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले होते, म्हणून ते वजनमापकाका, आणि त्यांचा उल्लेख करताना माणसं आवाज जरा खाली आणत. गेमवाले हा शब्द मात्र लिफ्टमध्ये अशा सुरात उच्चारला जाई, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ अजून कुठे कामाला म्हणून लागलेलाच नाही.

वास्तविक त्यांची कंपनी चांगली मोठी होती. तिच्या ऑनलाइन खेळात लाखभर माणसं एकाच वेळी एका काल्पनिक राज्यात हिंडत, राक्षस मारत, किल्ले घेत आणि एकमेकांना नावं ठेवत. त्यातलं गेमवाल्यांचं काम काय, हे सांगायला त्यांना स्वतःलाच जड जाई. खेळ उघडताना पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि तिच्याखाली एखादी ओळ येते, ‘पाण्यात उतरण्याआधी चिलखत काढा’ किंवा ‘म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी दोनदा बोला’. या ओळी आपोआप उगवत नाहीत, कोणीतरी बसून लिहितं. तो कोणीतरी म्हणजे गेमवाले. सहा वर्षं त्यांनी अशा ओळी लिहिल्या होत्या आणि सहा वर्षांत एकाही माणसानं ‘वाचली बरं का तुमची ओळ’ असं म्हटलं नव्हतं.

म्हणून मोठ्या साहेबांनी बोलावून ‘मागणीची व्यवस्था तुम्ही करा’ म्हटलं, तेव्हा ते घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत. व्यवस्था अशी, की खेळातल्या वीराला तलवार हवी, कोट हवा, बूट हवेत, तर त्यानं दुकानातून तयार माल न घेता दुसऱ्या खेळाडूकडून करून घ्यायचा. कोणी लोहार होईल, कोणी शिंपी, कोणी चांभार. वीर मागणी नोंदवेल, कारागीर ती उचलेल, वस्तू बनवून पाठवेल. सहा महिन्यांत व्यवस्था उभी करायची, मग चाळीस बाहेरच्या माणसांवर तीन आठवडे चाचणी, आणि शेवटच्या शुक्रवारी निकाल. जमलं तर व्यवस्था खेळात जाईल आणि तिच्यावर गेमवाल्यांचं नाव लागेल. नाही जमलं तर एका तरुण सहकाऱ्याची ‘तयार माल’ नावाची योजना टपून बसलेलीच होती, आणि गेमवाले परत पट्टीखाली जाणार होते. हे मोठ्या साहेबांनी तोंडानं सांगितलं नाही, पण बोलताना त्यांनी दोनदा खिडकीबाहेर पाहिलं, त्यावरून गेमवाले काय ते समजले.

आता असं काम माणसानं गुपचूप करावं. पण सहा वर्षं कोणी विचारलं नसलं की माणसाचं तोंड लिफ्टमध्ये सैल सुटतं. पहिल्या आठवड्यातच साऱ्या इमारतीला कळलं, की गेमवाल्यांना काम लागलं आहे.

“तक्रारीची सोय काय केलीत?” वजनमापकाकांनी जिन्यातच अडवून विचारलं.

“अजून तिथवर आलो नाही, काका.”

“तिथूनच सुरुवात करायची असते. लेखी कारण दिल्याशिवाय माल परत घ्यायचा नाही. आणि कारागिराकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय त्याला सोडायचा नाही. मी तीस वर्षं खुलासे वाचले आहेत. माणूस खुलाशात जितकं खरं बोलतो तितकं बायकोशी बोलत नाही.”

हे गेमवाल्यांना पटलं. त्यांनी परत पाठवायच्या मालासाठी तक्रारीचा रकाना केला आणि त्याखाली कारागिराच्या खुलाशाचा रकाना केला. दंतवैद्यांचं मत पडलं, की कारागीर आणि गिऱ्हाईक यांना एकमेकांशी बोलूच देऊ नये. “माझ्या खुर्चीत माणूस तोंड उघडतो ते बोलायला नाही,” ते म्हणाले, “म्हणून तर काम होतं.” हेही पटलं. गेमवाल्यांचा हाच दोष होता, की त्यांना सगळंच पटे. त्यांनी बोलण्याची खिडकी काढून टाकली, नावंही झाकली आणि सर्वांना क्रमांक दिले. गिऱ्हाइकाला जे सांगायचं ते त्यानं काटे फिरवून सांगावं. ऊब किती, वजन किती, मजबुती किती, घेर किती, असे एकेक करता त्रेचाळीस काटे झाले. ते स्वतःची मान थोडी तिरकी करून त्या त्रेचाळीस काट्यांकडे बघत बसत, तेव्हा बायको चहाचा कप शेजारी ठेवून निघून जाई. ती शाळेत गणित शिकवायची आणि मोहात पडलेल्या माणसाचा चेहरा तिला लांबून ओळखता येत असे.

चाचणीला चाळीस माणसं हवी होती. गेमवाल्यांनी जाहिरात लिहिली, ‘शिवणकाम, सुतारकाम, लोहारकाम यांची जाण असणाऱ्या व्यक्ती हव्यात. काम घरबसल्या. वयाची अट नाही.’ कंपनीनं ती सगळीकडे लावली आणि उत्साहाच्या भरात त्यांनी स्वतः एक प्रत इमारतीच्या फलकावर डकवली. घरात त्यांच्या सासूबाई राहत. त्यांनी पस्तीस वर्षं घरी शिलाईचं काम केलेलं होतं, शाळेच्या गणवेशापासून ते नवरदेवाच्या कोटापर्यंत. गुडघे धरल्यावर पायाचं मशीन बंद झालं, तेव्हापासून त्या खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर मनातल्या मनात दुरुस्त्या करत. एके दिवशी त्या जेवताना म्हणाल्या, “जावईबापू, मला काम मिळालंय बरं का. घरबसल्या.” गेमवाले तेव्हा चौतिसाव्या काट्यात अडकले होते. ते म्हणाले, “वा, छान,” आणि भाकरी समजून रुमालाला हात घातला.

नमुना सात नावाचा एक कागद होता. चाचणीतली एकही व्यक्ती कर्मचाऱ्याची नातेवाईक नाही, असं त्यावर लिहून द्यावं लागे. चाळीस माणसांचे चाळीस कागद होते आणि गेमवाल्यांनी ते एका दमात, पुढच्या जिन्यावर कोणी हाका मारत असल्यासारखे, सह्या करून मोकळे केले. इथे त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्यानं आयुष्यात एकदा तरी चाळीस कागदांवर सह्या केल्या आहेत, त्यानं प्रामाणिकपणे सांगावं, की सतरावा कागद वाचला होता का.

पहिला आठवडा बरा गेला. बारा कारागीर आणि अठ्ठावीस गिऱ्हाइकं कामाला लागली. तलवारी झाल्या, बूट झाले. मागणी आली की कारागीर त्रेचाळीस काटे बघून तशी वस्तू बनवी, गिऱ्हाईक घेई आणि चालू लागे. तक्रार शंभरात चार. गेमवाल्यांनी घरी आरशासमोर उभं राहून ‘शंभरात चार’ हे शब्द दोन-तीन प्रकारे म्हणून पाहिले. फक्त एवढंच, की वस्तू नेलेलं गिऱ्हाईक दुसरी वस्तू मागायला फारसं येत नव्हतं. ते पुढे येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसरा आठवडा संपता संपता गुणवत्ताबाईंचा अहवाल आला. या बाई कंपनीत तक्रारींचा हिशेब बघत आणि चांगली बातमीसुद्धा वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात देत. बातमी चांगली नव्हती. पहिल्या आठवड्यात एकही कपडा न पाठवलेल्या शिंपी क्रमांक सतरा यानं या आठवड्यात पाठवलेल्या शंभर कपड्यांपैकी त्र्याण्णव कपडे तक्रारीसह परत आले होते. त्या एका शिंप्यापायी सगळ्या व्यवस्थेचा आकडा रसातळाला गेला होता. ‘तयार माल’वाला सहकारी त्या दिवशी गेमवाल्यांशी फार प्रेमानं बोलला.

दर सोमवारी ते घरून काम करत. त्या दिवशी दुपारी त्यांनी क्रमांक सतराची नोंदवही उघडली. हा शिंपी पूर्ण कपडा पाठवतच नव्हता. काम साठ टक्के झालं की वस्तू पाठवता येते, ही एक फट व्यवस्थेत राहून गेली होती. कंटाळलेल्या कारागिराच्या सोयीसाठी गेमवाल्यांनीच ती ठेवली होती आणि नंतर बुजवायला विसरले होते. क्रमांक सतरा प्रत्येक कपडा नुसता धावदोरा घालून, एका बाहीचा, काठ न दुमडलेला असा पाठवी. गिऱ्हाईक भडकून परत पाठवी आणि परत पाठवायचा तर तक्रारीच्या रकान्यात कारण लिहावंच लागे. मग क्रमांक सतरा खुलाशाच्या रकान्यात उत्तर लिही, आणि कपडा पुन्हा जाई.

पहिली तक्रार होती, ‘हा काय प्रकार आहे? झगा अर्धवट आहे.’ खुलासा होता, ‘अर्धवटच आहे. घालून बघ आणि सांग, चालताना पायात येतो का.’ त्यावर दुसरी तक्रार, ‘चालताना नाही, पण घोड्यावर बसताना येतो.’ खुलासा, ‘मग तू घोड्यावर बसतोस हे आधी सांगायचंस. काट्यांत घोडा कुठे आहे? कड मागून चिरते.’ असं एकेक कपडा सहा-सहा वेळा जाई आणि येई. एका गिऱ्हाइकानं सातव्या तक्रारीत कपड्याबद्दल अक्षरही लिहिलं नव्हतं. त्याची परीक्षा कशी गेली ते लिहिलं होतं, आणि खुलाशात ‘झालं ते झालं, आता जेवून घे’ असं उत्तर होतं. गेमवाले वाचत वाचत खाली आले, आणि एका खुलाशापाशी त्यांचं बोट थांबलं. ‘गुरुवारी ये. दुपारी एक ते चार मी झोपते.’

घड्याळात सव्वादोन झाले होते. घर शांत होतं, आणि पलीकडच्या खोलीतून ओळखीचं बारीक घोरणं येत होतं.

चारला सासूबाई उठल्या, तेव्हा गेमवाले त्यांच्या पलंगापाशी खुर्ची घेऊन बसले होते, डॉक्टर शुद्धीची वाट बघतात तसे.

“आई, तुम्ही शिंपी क्रमांक सतरा आहात का?”

“हो,” सासूबाई चष्मा शोधत म्हणाल्या. “तुम्हाला सांगितलं होतं ना जेवताना. तुम्ही वा म्हणालात.”

गेमवाल्यांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. परत आलेला कपडा म्हणजे डाग असतो, शुक्रवारी आकडे साहेबांपुढे जाणार, ते बघून व्यवस्था बंद होणार, आणि नमुना सात जर कोणी उघडून वाचला तर काय होईल याचा तर विचारच नको. सासूबाईंनी मन लावून ऐकलं.

“पण कच्चं घालून बघितल्याशिवाय पक्कं शिवायचं कसं?” त्या म्हणाल्या. “तुम्ही माझं गिऱ्हाईक माझ्यासमोर उभंच करत नाही. त्याचं तोंड दिसत नाही. ते त्रेचाळीस काटे फिरवतं, आणि त्याला बिचाऱ्याला काय हवंय ते काट्याला कसं कळणार? त्याला स्वतःलाच माहीत नसतं. कपडा अंगावर चढला की माहीत होतं. म्हणून मी त्याला कारण लिहायला लावते.”

“पण आई, ते परत येतंय.”

“येऊ दे की. परत येणाऱ्या गिऱ्हाइकाची कसली काळजी? न येणाऱ्याची करा.”

गेमवाले मग विनवण्यांवर आले. निदान शुक्रवारपर्यंत हात आवरा, असं ते म्हणाले. सासूबाईंनी सांगितलं, की सात जणांचे कपडे कच्चे होऊन पडले आहेत आणि अंगावर घेतलेलं काम त्यांनी आजवर अर्धं टाकलेलं नाही, नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा नाही. नवी कामं मात्र एका वेळी एकच घेईन, एवढं त्यांनी कबूल केलं. बायको दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, “तुम्ही आईला थांबवायला निघालात? बाबांनी चाळीस वर्षं प्रयत्न केला होता.”

एका वेळी एकच, या शब्दांनी गेमवाल्यांच्या डोक्यात एक कल्पना घुसली. आजवर त्यांना सुचलेल्या कल्पनांमध्ये ही सर्वांत हुशार होती, यावरून बाकीच्यांचा अंदाज यावा. सासूबाईंना असं एखादं न होण्यासारखं काम द्यायचं, की शुक्रवारपर्यंत त्या त्यातच गुंतून पडतील आणि दुसरी तक्रार येणार नाही. त्यांनी ऑफिसात बसून गिऱ्हाईक क्रमांक एकेचाळीस असं एक खोटं खातं काढलं आणि एका कोटाची मागणी नोंदवली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस काटे शेवटच्या टोकाला नेले. कोट बर्फात ऊब देणारा हवा आणि वजन पिसाइतकं. बाण न शिरणारा हवा आणि मुठीत मावणारा. एवढं करून ते समाधानानं खुर्चीत मागे रेलले.

तासाभरात कोट आला. कच्चा, एका बाहीचा. सोबत चिठ्ठी, ‘बाळ, सगळे काटे टोकाला लावलेस म्हणजे तुझं काही ठरलेलं नाही. असं होतं. आधी सांग, हा कोट घालून तुला जायचं कुठे आहे?’

घरी सासूबाई त्यांना अहो-जाहो करत. जावई म्हटलं की तेवढं आलंच. हे ‘बाळ’ गेमवाल्यांना अगदी अनपेक्षित होतं. उत्तर द्यायचं तर तक्रारीच्या रकान्यातच द्यावं लागणार होतं आणि एक तक्रार वाढणार होती, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी लिहिलं, ‘मीटिंगला.’ पलीकडून आलं, ‘मीटिंगला बाण मारतात का? मग मजबुती कशाला? तिथे बसायचं असतं. पाठीत सैल लागेल.’ त्यांनी लिहिलं, ‘आमच्या मीटिंगला बाणच मारतात.’ तीन दिवसांत तक्रारी वाढवू नयेत म्हणून निघालेल्या या गृहस्थांनी स्वतःच्या हातानं नऊ तक्रारी केल्या. कोटाचं काम रोज थोडं पुढे जाई आणि ते रोज जेवणाच्या सुट्टीची वाट बघत. घरी सासूबाईंसमोर बसून जेवताना मात्र ते ताकास तूर लागू देत नसत.

गुरुवारी दुपारी त्यांनी दहावी तक्रार लिहिली आणि ती जरा लांबली. लिहून पाठवली, आणि संगणक बंद करून टाकला.

शुक्रवारी बाराला मीटिंग होती. लांबट टेबल, एका टोकाला मोठे साहेब, मध्ये पाण्याच्या बाटल्या. ‘तयार माल’वाल्या सहकाऱ्यानं नवा शर्ट घातला होता. गुणवत्ताबाईंनी आकडे वाचले. बाकीचे अकरा कारागीर, तक्रार शंभरात चार. क्रमांक सतरा, शंभरात त्र्याण्णव. सहकाऱ्यानं मान हलवली, जणू घरातलंच कोणी आजारी आहे.

“तक्रारींचं स्वरूप काय?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नमुन्यादाखल शेवटची वाचते,” गुणवत्ताबाई म्हणाल्या. “गिऱ्हाईक क्रमांक एकेचाळीस. चाचणीत चाळीसच व्यक्ती होत्या, हे एकेचाळीस कुठून आले ते तपासावं लागेल. तारीख कालची.”

गेमवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी समोरची बाटली उघडली, पण ती तोंडापर्यंत न्यायचं सुचलं नाही. बाई हजेरीच्या आवाजात वाचू लागल्या.

“तक्रार. बाही एकच आहे. मीटिंग उद्या आहे. सहा महिने खपून मी एक काम केलं, ते उद्या बहुधा बंद होईल. आमचे साहेब आकडे बघतात. आकड्यांत माझं काम भिकार दिसतं आणि ते तसं का दिसतं हे मला सांगता येत नाही, कारण त्यात घरच्या माणसाचं नाव येतं. त्याआधी सहा वर्षं मी पट्टीखालच्या ओळी लिहिल्या. एक माणूस म्हणाला नाही की वाचली. उद्यापासून परत तिथेच. शिवाय बाही एकच आहे.”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला.

“पट्टीखालच्या ओळी आपल्याकडे कोण लिहितं?”

गुणवत्ताबाई कर्तव्याला चुकणाऱ्यातल्या नव्हत्या. “हे,” असं म्हणून त्यांनी पेन्सिलीनं गेमवाल्यांकडे दाखवलं. गेमवाले टेबलाच्या पृष्ठभागाचा बारकाईनं अभ्यास करत होते. चव्वेचाळीस वर्षांत त्यांची अब्रू बऱ्याचदा गेली होती, पण ती अशी मोठ्यानं वाचून कधी गेली नव्हती.

“कारागिराचा खुलासा आहे?” साहेबांनी विचारलं.

“आज सकाळी आलाय,” बाई म्हणाल्या. गेमवाल्यांनी मान वर केली. तो त्यांनी पाहिला नव्हता.

“खुलासा. दुसरी बाही आज लागेल, घाबरू नकोस. पट्टीखालच्या ओळी मी रोज वाचते. पट्टी भरेपर्यंत म्हाताऱ्या माणसानं दुसरं करायचं काय? म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी दोनदा बोला असं लिहिलंय, ते वाचून मी त्याच्याशी चार वेळा बोलले. माझा जावईही अशाच कामावर आहे. पूर्वी मला वाटायचं, हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून करतो काय. आता त्यानं केलेल्या खिडकीतूनच मी काम करते, तर कळतं. जिथे माझा हात जातो तिथे ती वस्तू ठेवलेली असते. हे आयतं होत नाही, कोणीतरी माझ्या जागी बसून बघितलेलं असतं. काही ठिकाणी त्याचं चुकलंय, ते मी उसवून माझ्या सोयीचं करून घेतलं. वाईट काम उसवता येत नाही, ते फाटतं. पस्तीस वर्षांत मी पुष्कळांचं काम उसवलंय, म्हणून सांगते, याचा टाका चांगला आहे. हे मी त्याला तोंडावर कधी बोलले नाही, जावयाला तोंडावर काय सांगणार. तुझ्याही साहेबांना कळेल. आता लवकर सांग, काखेत किती सैल ठेवू?”

वाचता वाचता गुणवत्ताबाईंचा हजेरीचा आवाज कुठे गेला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गेमवाल्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवायला बाटलीतलं पाणी प्यायलं, तर ते नाकात गेलं.

“जावई,” मोठे साहेब सावकाश म्हणाले. “म्हणजे नमुना सात गेला.”

“गेला,” गेमवाले म्हणाले. “सही माझीच आहे. मी वाचला नव्हता.”

“क्रमांक सतराची गिऱ्हाइकं किती वेळा परत आली?” साहेबांनी बाईंना विचारलं.

बाईंनी पानं उलटली. “बाकीच्या कारागिरांकडे गिऱ्हाईक सरासरी एकदा गेलं. क्रमांक सतराकडे सगळी अठ्ठावीस गेली. मागणीसाठी रांग आहे. सोमवारी एका वेळी एकच काम घेईन असं त्यांनी लिहिल्यावर अकरा जणांनी निषेध नोंदवलाय. तोही तक्रारीतच धरलाय.”

“आणखी एक वाचा,” साहेब म्हणाले.

बाईंनी घोड्यावर बसणाऱ्याचा झगा वाचला. साहेब म्हणाले, पुढचं वाचा. बाईंनी परीक्षेवाल्याचं वाचलं. एक वाजून गेला, जेवणाची वेळ झाली, तरी कोणी उठेना, आणि ‘तयार माल’वाला सहकारी हनुवटी हातावर ठेवून म्हणाला, “त्याचा निकाल काय लागला पण?” तेव्हा गेमवाल्यांना पहिल्यांदा वाटलं, की आपलं काम होणार.

शेवटी साहेबांनी निर्णय सांगितला. व्यवस्था खेळात जाणार. साठ टक्क्यांची फट बुजवायची नाही, तिला ‘कच्चं’ असं नाव देऊन दारावर लावायची. परत आलेला माल दोषात धरायचा नाही, न आलेलं गिऱ्हाईक धरायचं. “आणि नातेवाईक चाचणीत चालत नाहीत,” ते म्हणाले. “पगारी सल्लागार म्हणून चालतात का?” गुणवत्ताबाईंनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं आणि याबाबत नियम गप्प आहे असं जाहीर केलं. उठताना साहेब गेमवाल्यांजवळ थांबले.

“काखेचं काय ठरलं?”

“उत्तर दिलं नाही अजून.”

“द्या. खोळंबल्या असतील त्या.”

गेमवाले घरी आले तेव्हा सहा वाजले होते. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर संगणक, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. खुलासा ऐकल्याचं गेमवाल्यांनी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर दोघांनाही कुठे बघावं ते कळलं नसतं. व्यवस्था पास झाली, तुम्हाला नोकरी लागली आणि पगारही आहे, एवढंच ते म्हणाले. वर उपकाराची फेड म्हणून त्यांनी एक गोष्ट कबूल केली. “आई, आता तुम्हाला गिऱ्हाइकाशी बोलायला वेगळी खिडकी करून देतो. ते तक्रारीत लिहायला नको.”

“ते काही करू नका,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “बोला म्हटलं की लोक गप्प बसतात. तक्रार लिहा म्हटलं की मनातलं लिहितात. आहे तसंच असू दे.”

बायको आतून म्हणाली, “लिहून ठेवा ते.” गेमवाल्यांनी खरोखरच लिहून ठेवलं.

“आणि जावईबापू,” सासूबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “तुमच्या ऑफिसात तो एकेचाळीस नंबरचा कोणी असेल, त्याला निरोप द्या. काखेचं त्यानं सांगितलं नाही, पण मी माझ्या अंदाजानं करून टाकलंय. कोट तयार आहे.”

“देतो,” गेमवाले कपाळावरचा घाम पुसत म्हणाले.

“त्याला म्हणावं, डावा खांदा उजव्यापेक्षा एक बोट खाली घेतलाय. डावा खांदा पाडून बसायची सवय आहे त्याला.”

खेळातले सगळे वीर सरळ उभे असतात, एकाचाही खांदा पडलेला नसतो. गेमवाल्यांनी हळूच आपल्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. मग ते आतल्या खोलीत गेले, एकेचाळीस नंबरचं खातं उघडलं आणि कोट अंगावर चढवला. तक्रारीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘आई, बरोबर बसला.’